रत्नागिरीत बदलून आलात? ओळखींपासून मैत्रीपर्यंत जाण्याचा क्रम

बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत किंवा एमआयडीसीतल्या कंपनीत बदली होऊन रत्नागिरीला आलेल्यांची तक्रार साधारण एकच असते: "माणसं बोलतात छान, पण वर्ष झालं तरी आपलं म्हणावं असं कोणी नाही." बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. नाव नीट कळायच्या आत जेवायला बोलावलं जातं, किंवा सहा महिने नुसती मान हलवून हसणं चालू राहतं. खालचे टप्पे एकामागून एक करायचे आहेत. उदाहरणं रत्नागिरी शहराची आहेत. चिपळूण, मालवण किंवा अलिबागला जागांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १ : तयारी (पहिले दोन आठवडे)

आधी हिशेब. कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार अनोळखी माणूस साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास लागतात, मित्र म्हणावा इथपर्यंत यायला सुमारे ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत, म्हणजे ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस आपोआप मित्र होत नाही. अभ्यास अमेरिकेतला आहे, त्यामुळे आकडे अंदाजाला धरा. आठवड्यातून तीनदा पाऊण-पाऊण तास भेट झाली तर सव्वादोन तास होतात. या वेगाने ५० तास भरायला बावीस आठवडे, म्हणजे पाच महिने. तीन आठवड्यांत "इथली माणसं आतल्या गाठीची" असा निकाल लावणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

मग तीन गोष्टी ठरवा.

१. शनिवार-रविवार. सगळ्यात मोठी चूक इथे होते. शुक्रवारी रात्री तुतारी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, सोमवारी डोळे चोळत कामावर. ज्या दोन दिवसांत इथल्या लोकांना सवड असते, नेमके तेच दोन दिवस तुम्ही गावात नसता. पहिले दोन महिने निदान एक आड एक शनिवार-रविवार इथेच काढा. घरी म्हातारे आई-वडील किंवा लहान मूल असेल तर हे जमणार नाही. मग कामाच्या दिवसांतल्या दोन संध्याकाळी पक्क्या करा, आणि पाचाऐवजी आठ महिने धरा.

२. घर. अजून घेतलं नसेल तर भाडं आणि पार्किंगच्या आधी चालण्याचं अंतर बघा. रेल्वे स्टेशन शहराबाहेर कुवारबावला आहे. तिकडे नव्या इमारतींत फ्लॅट बरा मिळतो, पण तुमचं वाचनालय, तालमीची जागा, फिरायला जाणारी माणसं सगळी मारुती मंदिर ते मांडवी या पट्ट्यात असतील तर पावसात रात्री आठला स्कूटर काढायचा कंटाळा येतो आणि जाणं सुटतं. ठरवलेली जागा पंधरा मिनिटांच्या आत हवी.

३. दिवसाचं घड्याळ. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात आणि घरंही आडवी झालेली असतात. या वेळात कुणाची बेल वाजवू नका, फोन करू नका. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही भेटण्याची खरी वेळ.

*तपासणी : पुढच्या आठ आठवड्यांपैकी किती शनिवार-रविवार तुम्ही गावात आहात? चारपेक्षा कमी असतील तर पुढचे टप्पे लांबणार, हे धरून चाला.*

टप्पा २ : दोन जागा निवडणे (तिसरा आठवडा)

सरकारी बदल्या उन्हाळ्याच्या शेवटी होतात, त्यामुळे बहुतेक जण इथे पावसाच्या तोंडावर हजर होतात. मे महिन्यात मांडवीच्या जेटीवर फिरायला जाणारा गट शोधला, चार दिवस गेलात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं बंद. वारा छत्री उलटी करतो. म्हणून दोन जागांपैकी एक छपराखालची हवीच.

जागेला चार कसोट्या लावा. तीच माणसं परत येतात का? ठरलेला वार आणि वेळ आहे का? हाताला काही काम आहे का? आणि पावसात चालू राहते का? चारपैकी तीन जमल्या तर जागा घ्या.

या कसोट्यांवर समुद्रकिनारा नापास होतो. रविवारी संध्याकाळी भाट्ये किनाऱ्यावर गर्दी असते खरी, पण त्यात पर्यटक बरेच, आणि पुढच्या रविवारी माणसं वेगळी. कानात गाणी घालून व्यायाम करण्याची जिमही नापास. एकदाच होणारी व्याख्यानं, महोत्सव, प्रदर्शनं ही मन रमवायला छान, मैत्रीला निरुपयोगी.

पास होणाऱ्या जागा अशा:

* वाचनालय. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. सभासद व्हा, आणि पुस्तक बदलायला ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जा. वर्तमानपत्रांच्या टेबलावर तीच चार-पाच डोकी दिसू लागतील. तिथे गप्पा मारायच्या नसतात, ओळख बाहेर पायरीवर होते.

* नाटकाची तालीम. आमच्या मते ही सगळ्यात चांगली जागा, आणि नवखे लोक नेमकी हीच टाळतात, कारण "मला कुठे अभिनय येतो?" हौशी संस्थांना नटांची ददात नसते. प्रॉम्प्टिंगला, प्रकाशयोजनेच्या मदतीला, नेपथ्य उचलायला, रंगभूषेचं सामान सांभाळायला माणसं कमी पडतात. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीनंतर येते, म्हणजे गणपती आटोपले की तालमी रंगात येतात. रोज दोन तास, दीड महिना. वरचा ५० तासांचा आकडा इथे एका हंगामात निघतो. स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात प्रयोग असेल त्या दिवशी जा, संपल्यावर सामान आवरणाऱ्यांजवळ थांबा, आणि विचारा: "पुढच्या वेळी मागच्या कामाला माणूस लागेल का?"

* भजनी मंडळ. आषाढ-श्रावणात सराव वाढतो. गळा नसला तरी झांज धरता येते. देवावर श्रद्धा नसेल तर मात्र मैत्रीसाठी म्हणून जाऊ नका. ते लपत नाही.

* बॅडमिंटन, कॅरम, टेबल टेनिस. दुहेरीत खेळा. एकेरीत निम्मा वेळ एकटेच बसता.

* सकाळचं फिरणं थिबा पॉइंटकडे किंवा मांडवीला. ही उघड्यावरची दुसरी जागा, ऑक्टोबर ते मेसाठी.

सावधान : पाच जागी नाव घालू नका. पाच जागी आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला पाचही जागी पाहुणा समजतात.

टप्पा ३ : चेहऱ्यापासून नावापर्यंत (चौथा ते आठवा आठवडा)

पहिल्या तीन खेपा फक्त हजेरी. वेळेवर जायचं, एकाच ठिकाणी बसायचं, हसायचं. चौथ्या खेपेला जागेबद्दलचा प्रश्न: "मंगळवारी उशिरापर्यंत उघडं असतं का?" स्वतःबद्दल पाच मिनिटं सांगत बसू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात "मूळ गाव कुठलं तुमचं?" हा प्रश्न येणारच. चौकशी म्हणून घेऊ नका. इथे माणूस गावावरून लक्षात ठेवतात. उत्तरात धरायला दोन टोकं ठेवा. "लातूर" इतकंच म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. "लातूरजवळचं औसा. पाऊस असा रोज पडतो हे पहिल्यांदाच बघतोय, कपडे कसे वाळवता हो तुम्ही?" असं म्हटलंत तर दहा मिनिटांची निश्चिती. लगेच "आणि तुमचं?" विचारा. लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागर असं काहीतरी येईल. ते नाव घरी जाऊन लिहून ठेवा. गणपतीत कामाला येतं.

आडनाव खोदून विचारू नका. समोरचा तुमचं विचारेल, कधी त्यामागे जात काढण्याचा हेतूही असेल. सरळ सांगा आणि पुढे चला. उलटतपासणी तुम्ही करू नका.

संबोधन सुरुवातीपासून नीट ठेवा. वडीलधाऱ्यांना काका-काकू, बरोबरीच्यांना नावापुढे दादा किंवा ताई, बाजारात मासेवालीला मावशी. राजिवडा-मिरकरवाड्याकडच्या मुस्लिम ओळखीत भाई, चाचा. अरे-तुरेवर यायची घाई तुम्ही करायची नाही, समोरून येऊ द्या.

या टप्प्यातल्या तीन चुका:

पहिली, बोलीची नक्कल. टीव्हीवर मालवणी ऐकलेलं असतं म्हणून "काय गो, खंय चललंस?" सुरू होतं. मालवणी सिंधुदुर्गाकडची. रत्नागिरीत ती थट्टा वाटते आणि मालवणातही नवख्याच्या तोंडी थट्टाच वाटते. तुमची मराठी जशी आहे तशी बोला.

दुसरी, तुलना. "आमच्या पुण्यात रात्री बारालाही सगळं मिळतं." एकदा म्हटलंत तर माहिती, तिसऱ्यांदा म्हटलंत की तुमच्या पाठीमागे तेच तुमचं नाव होतं.

तिसरी, "त्यांना मी आवडलो नसेन" असं समजून जाणं बंद करणं. २०१८ मध्येच मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसं प्रत्यक्षापेक्षा कमीच धरतात. कोकणात तर तोंडावर कौतुक करण्याची रीतच कमी. कुणी तुमची फिरकी घेऊ लागलं की गाडी बरी चालली आहे असं समजा.

*तपासणी : दोन्ही जागी मिळून पाच माणसांची नावं, गाव आणि एकेक गोष्ट (मुलगी बारावीला, गुडघा दुखतो, आंब्याची कलमं आहेत) सांगता येते का? येत नसेल तर आणखी दोन आठवडे याच टप्प्यावर थांबा.*

टप्पा ४ : देवाणघेवाण (आठवा ते चौदावा आठवडा)

हा टप्पा गाळल्यामुळेच बहुतेकांची मैत्री "नमस्कार, बरं आहे ना?" वर अडकते. करायचं इतकंच की छोटं काही मागायचं, मग छोटं काही द्यायचं. आधी मागणं. नवा माणूस आधी देऊ लागला की समोरच्याला परतफेडीचं ओझं वाटतं.

मागणं दोन मिनिटांत पुरं होणारं हवं: प्लंबरचा नंबर, पावसात भिंतीला बुरशी धरू नये म्हणून काय करता, सुके बोंबील कुणाकडून घेता. पैसे, गाडी आणि ओळखीने काम करून देणं या तीन गोष्टी सहा महिने मागायच्या नाहीत.

मासे खात असाल तर एक मागणं फार चांगलं: "एकदा बाजारात मला बरोबर न्याल का? मला फसवतात." भाव करणं आणि कल्ला उचलून लाल आहे का बघणं हे ज्याला येतं त्याला ते दाखवायला आवडतं, आणि जाऊन-येऊन तासभर एकत्र जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत हे सुचवून "आता कुठले मासे?" ऐकून घेऊ नका, नारळी पौर्णिमेनंतर सांगा.

आता डबा. शेजारच्या काकूंनी घावणे, पातोळे किंवा फणसाची भाजी पाठवली की नवखा माणूस दोन चुका करतो. डबा घासून तासाभरात रिकामा परत देतो, किंवा पंधरा दिवस ओट्यावर ठेवतो. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत इथे अजून पाळली जाते. दोन-तीन दिवसांत परत करा आणि आत काहीतरी घाला. तुमच्या गावाकडचं असेल तर उत्तम: शेंगदाण्याची चटणी, धपाटे, खानदेशचे कळण्याचे पापड. स्वयंपाक येत नसेल तर चार केळी, तेही नसेल तर मूठभर साखर. महागडी मिठाई घालू नका. मग पुढच्या वेळी काकूंना विचार पडतो, आणि डबा येणं थांबतं. परत देताना दारातूनच पळू नका, पदार्थ कसा लागला ते एका वाक्यात सांगा. "छान होतं" याने काम होत नाही. "पातोळ्याला हळदीच्या पानाचा वास पहिल्यांदाच घेतला" याने होतं.

सावधान : शाकाहारी घर, श्रावण, संकष्टी, एकादशी, आणि घराघराचे वेगवेगळे सोमवार-गुरुवार. खात्री नसेल तर डब्यात अंडं-मासळी नको. मुस्लिम शेजाऱ्यांकडे रमझानमध्ये दिवसा खाणं घेऊन जाऊ नका, मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या) थोडं आधी फळं द्या.

टप्पा ५ : ठरलेल्या जागेबाहेर भेटणे

वाचनालयातला माणूस वाचनालयातच राहिला तर तो ओळखीचा. त्याला दुसऱ्या जागी भेटलात की नातं बदलतं. ही उडी मारायची वेळ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते.

"या हो एकदा घरी" हे वाक्य तुम्हाला अनेकदा ऐकू येईल. ते सौजन्य आहे, तारीख नाही. ऐकून त्याच रविवारी दार वाजवू नका, आणि "नुसतं तोंडदेखलं बोलतात" म्हणून चिडूही नका. त्यावर "नक्की येतो, तुमच्याकडचं आवळ्याचं झाड बघायचं आहेच" असं म्हणा. दुसऱ्यांदा वार-वेळ आली की आमंत्रण खरं.

तुम्ही बोलावताना मात्र "कधीतरी या" म्हणू नका. पाच गोष्टी एका दमात सांगा: वार, वेळ, काय, कधीपर्यंत, आणखी कोण. "रविवारी साडेपाचला चहा-पोह्यांना या. सातपर्यंत मोकळे व्हाल. अमुकही येणार आहेत." शेवटचं महत्त्वाचं. एकट्याला बोलावलं तर दोघांवरही बोलण्याचा ताण येतो. तिघे-चौघे असले की गप्पा आपोआप फिरतात. पहिल्याच खेपेला रात्रीचं जेवण नको: खर्च, पथ्यं, शाकाहार-मांसाहार, उशीर, सगळं एकदम अंगावर येतं. चार जणांना अर्धा किलो पोहे भरपूर होतात, वर ओलं खोबरं हात सैल ठेवून घाला.

"बघतो, जमलं तर" हा इथे बहुतेक वेळा नकार असतो. राग धरू नका, तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा विचारा. तिसऱ्यांदाही तेच आलं तर सोडून द्या.

एकट्या राहणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी एक रोखठोक सूचना. गाव लहान आहे. एकट्या पुरुषाने सहकारी स्त्रीला, किंवा उलट, पहिल्यांदाच घरी बोलावलं तर बोलणारे बोलतात, आणि त्याची झळ बाईला जास्त बसते. हे बरोबर आहे असं नाही. पण पहिल्या दोन-तीन भेटी गटाने, बाहेर ठेवल्या की घरमालकापासून सगळेच शांत राहतात.

टप्पा ६ : पंचांग बघून चालणे

बाहेरून आलेल्याला वर्ष सरळ वाटतं. कोकणातलं वर्ष तसं नाही.

गणपतीत बाजार चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत फुलतो आणि मग ओळखीचे सगळे एकाएकी गायब होतात. जो तो आपल्या गावच्या घरी. "मला कोणी विचारलंही नाही" असं वाटून घेऊ नका, घरात मुंबईचे वीस-पंचवीस चाकरमानी उतरलेले असतात. आधी पंधरा दिवस तुम्हीच विचारा: "राजापूरला तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" हाच तो लिहून ठेवलेल्या गावाचा उपयोग. आमंत्रण आलं तर नारळ, फळं, उदबत्तीचा पुडा घेऊन संध्याकाळच्या आरतीला पोहोचा. आरत्या एकामागून एक चालतात, तासभर उभं राहायची तयारी ठेवा. नंतर भजन असेल तर बसा. मुक्कामाचा आग्रह पहिल्या वर्षी टाळा, घरात झोपायला जागा नसते.

शिमग्यातही तसंच. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते त्या दिवशी घर धुऊन-पुसून तयार असतं. बोलावलं तर जा, चप्पल लांब काढा, फोटो विचारून काढा.

एप्रिल-मे म्हणजे आंबा. बागा असलेली माणसं पहाटेपासून तोडणी आणि पेट्या भरण्यात असतात, भेटायला वेळ मागू नका. आणि नव्या मित्राला "पुण्याच्या मावशीसाठी दोन पेट्या स्वस्तात बघ ना" हे तर बिलकूल नको. वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत असते. आंबा घ्यायचा तर बाजारभावाने, रोख.

अडलं तर कुठे बघायचं

*ओळखी खूप, फोन कुणाचाच येत नाही.* टप्पा ४ राहिला. मागायला सुरुवात करा.

*एकच मित्र झाला आणि त्याची बदली झाली.* त्याच्यामार्फत ओळख झालेल्यांना तो जाण्याआधी एकदा चहाला बोलवा, नंतर धागा सापडत नाही.

*सगळे मित्र आपल्यासारखेच बाहेरचे.* वाईट नाही, पण दर मे महिन्यात अर्धा गट रिकामा होतो. एक जागा तरी अशी ठेवा जिथे तुम्ही सोडून सगळे इथलेच आहेत.

*व्हॉट्सॲप गटात आहे, तरी भेट होत नाही.* गटावर "कोण कोण येणार?" विचारू नका. दोघांना वेगवेगळा फोन करा, ते दोघे ठरल्यावर गटावर टाका.

*दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, भूक नाही, कुणाला भेटावंसंच वाटत नाही.* हे वरच्या टप्प्यांनी सुटणारं नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

*बावीस आठवडे झाले, अजून काहीच नाही.* दोन जागांपैकी जिथे कमी नावं माहीत आहेत ती सोडा, तिच्या जागी नवी घ्या. दुसरी चालू ठेवा, दोन्ही एकदम बदलू नका. नव्या जागेचे तास पुन्हा शून्यापासून मोजा.